चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

१२ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे हे आधी विचारतो, बाकीचं मागाहून.

रविवारी फोनवर आपण दोघे मिळून नुसते खोकलो. तू काही विचारलंस की मी खोकायचो, मी उत्तर द्यायला लागलो की तू. सूनबाई म्हणाली, पलीकडच्या खोलीतून वाटत होतं दोन म्हातारी कुत्री भांडताहेत. जन्मभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून तू लोकांची बोलणी जोडून दिलीस आणि आता आपल्यालाच बोलता येईना. म्हणून ठरवलं, यापुढे पत्र. हाताला दम लागत नाही. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं, अक्षराकडे बघू नकोस.

तुझ्या लेकीने कळवलं की तुझंही नाव तुमच्याकडच्या छातीच्या इस्पितळात त्या नव्या औषधाच्या अभ्यासात घातलं. इथे माझं घातलंय तोच अभ्यास. बाबांची फुप्फुसं आतून चामड्यासारखी कडक होत गेली, तशीच आपली होताहेत. घराण्यातच आहे, असं मोठे डॉक्टर म्हणाले. इस्टेट काही आली नाही, हे मात्र बिनबोभाट आलं.

तुला समजावून सांगितलं का? मला फॉर्मवाल्या बाईंनी दोनदा सांगितलं. निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण आत काही नसलेली साधी गोळी. कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. कंपनीकडे पाकिटात बंद असतं. मी बाईंना म्हटलं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबणार हे लिफ्टमनलाच ठाऊक नसेल तर कोण पाय ठेवील? त्या हसल्या आणि अजून एका कागदावर सही घेतली.

श्वास मोजायला नाकाला चिमटा लावून एका नळीत फुंकायला लावतात. बाई कानाशी उभ्या राहून अजून, अजून म्हणतात आणि माझ्यापाशी अजून काही नसतंच. मग व्हरांड्यात दोन नारिंगी खांबुल्यांच्या मध्ये चालवतात. मागच्या वेळी मी तीनदा भिंतीला टेकलो.

पण एक सांगतो. मला खरं औषध मिळालं आहे, खात्रीच आहे. औषधाने काय काय त्रास होऊ शकतो त्याचा एक लांबलचक कागद दिला होता, तो सूनबाईने मला मोठ्याने वाचून दाखवला. पहिली मळमळ. दुसऱ्याच दिवशी मळमळ सुरू. मग तोंडाची चव गेली, मग अंगाला खाज, मग झोप उडाली. कागदावर ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने झालं बघ. साध्या गोळीत एवढी ताकद कुठली?

तुला काय काय होतंय ते लगेच कळव. काहीच होत नसेल तर तेही कळव, मला त्याचीच धास्ती आहे.

तुझं पत्र हातात पडेपर्यंत जिवाला चैन नाही, एवढं ओळखून असावे.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. आणि विनंती विशेष अशी की तो कागद सूनबाईंकडून काढून घे आणि कपाटावर टाकून दे. माझ्याजवळही तो आहे. अजून खाली कावीळ आणि केस गळणं राहिलंय. केसांची तुला काळजी नाही, कावीळ तेवढी करून घेऊ नकोस.

मला काहीही होत नाही. दोन वेळा जेवते, रात्री गाढ झोपते. तळमजल्यावरच्या आजींना दिसत नाही, त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवते. पूर्वी मधे तीन-चारदा थांबावं लागायचं, हल्ली एकदाच थांबते. बहुधा बातम्या लहान झाल्यात. तीन जिने उतरून जाते आणि चढून येते, येताना प्रत्येक वळणावर जरा बसते. ते आता अंगवळणी पडलंय.

तेव्हा मला साधी गोळी असणार, हे उघडच आहे. असू दे. कोणाला तरी साधी मिळायलाच हवी, त्याशिवाय खऱ्यात काही दम आहे की नाही हे त्यांना कळणार कसं? बोर्डावर असताना मी किती जणांना रांगेत थांबवून ठेवलं. आता माझा नंबर थांबण्याचा, एवढंच.

तुला खरं मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. लेक सकाळी बँकेत जाते ती संध्याकाळी येते. परवा म्हणाली, मामांना सांग, इतकी काळजी करू नका, काळजीनेही खोकला वाढतो. सांगितलं. आता तू ऐकणार नाहीस हेही मला ठाऊक आहे.

आहे तसाच लोभ राहू द्यावा आणि पाण्याची वाफ घेत जावी.

तुझी
बारकी


५ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. तू गंमत करतेस आणि इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. असू दे म्हणे. असू कसं देऊ?

मी तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा तू दुधाच्या दातांत होतीस. आपल्या दोघांत मिळून एक स्वेटर होता, तो तुझी शाळा सकाळची म्हणून सकाळी तू घालायचीस आणि दुपारी लिफ्टमनच्या कामावर जाताना मी. बाह्या माझ्या कोपरापर्यंत यायच्या, लोक हसायचे. पण तू गारठलीस आणि मी उबेत, असं एक दिवस झालं नाही. आता म्हातारपणी मी खरं औषध खावं आणि तू खडू खात बसावंस, हे मला जमायचं नाही.

मी सगळा विचार करून ठेवलाय. गोळ्या दिसायला एकसारख्या. माझ्या मी तुला पाठवतो, तुझ्या तू मला पाठव. बाटली परत देताना उरलेल्या गोळ्या ते मोजतात, म्हणून संख्या दोन्हीकडे जुळायला हवी, बाकी कोण बघतंय? माझ्या अंगात थोडंफार औषध गेलं आहेच, ते मला काही दिवस पुरेल. माझं बघून झालंय सगळं. तुझी लेक अजून मार्गी लागायची आहे.

नियम मोडतोय हे मला कळतं. फॉर्मवाल्या बाई चांगल्या आहेत, त्यांना फसवायचं म्हणजे वाईट वाटतं. पण त्यांना त्यांचा अभ्यास आणि मला माझी बहीण.

नाही म्हणालीस तर मी माझ्याही गोळ्या बंद करणार. करणार कसलं, परवापासून केल्याच आहेत. सकाळी बशीत काढून ठेवतो आणि बघत बसतो. सूनबाईला वाटतं घेतल्या. उत्तर लवकर पाठव, म्हणजे बशी रिकामी करता येईल.

तुझा होकार येईल अशा भरवशावर,
दादा


१९ मार्च

ती. दादास सा. न.

बशी रिकामी कर. तू जिंकलास.

तुझ्याशी वाद घालायला माझ्यापाशी तेवढा श्वास नाही, आणि तू खरोखर औषध सोडून बसलास तर दोघेही कोरडे राहू. त्यापेक्षा तुझं ऐकलेलं बरं. लहानपणीही तू असंच करायचास, स्वतः जेवायचं सोडून मला भरवायचास. तेव्हा मी घाबरायचे, आता फक्त चिडते.

माझ्या अटी ऐक. लेकीला यातलं अक्षर कळता कामा नये. बँकेतली माणसं, एका आकड्याचा फरक सहन होत नाही त्यांना. गोळ्या चष्म्याच्या डबीत घालायच्या, वर खाली कापूस, म्हणजे पोस्टात खुळखुळणार नाहीत. डब्या तुझ्याकडे ढीगभर असतील, दर वर्षी चष्मा बदलतोस आणि तरी दिसत नाही म्हणतोस. आणि मला बरं वाटू लागलं की नाही हे दर आठवड्याला विचारायचं नाही.

पहिली डबी आज टाकली. या वयात आपण चोरटा माल पाठवायला लागलो. बाबा असते तर दोघांनाही कोपऱ्यात उभं केलं असतं.

लोभ आहेच, तो कमी झाला तरी या निमित्ताने चालेल.

बारकी


१० जुलै

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझी डबी वेळेवर पोचली. माझी तुला मिळाली असेल. आठवड्याला विचारायचं नाही म्हणालीस, म्हणून महिन्याने एकदा विचारतो. काही फरक?

माझं सांगायला लाज वाटते. मला बरं वाटतंय. मळमळ, खाज सगळं थांबलं, चवही परत आली. काल व्हरांड्यात त्या खांबुल्यांच्या मधून चाललो तर भिंतीला एकदाही टेकलो नाही. बाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. घरी बाजारातून पिशवी घेऊन वर आलो, तेव्हा सूनबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं मी चुकून शेजारच्यांच्या घरात शिरलोय.

सुरुवातीला घेतलेलं औषध अजून अंगात काम करत असावं, असा मी अर्थ लावलाय. उशिरा लागू पडलं. मला एवढ्याशाने एवढा गुण, मग तू तर चार महिने घेते आहेस, तुला आज ना उद्या दिसायलाच हवा. तू दमेकरी माणसासारखी लिहितेस हल्ली. वाक्यं तुटक असतात. अक्षरही खाली खाली घसरतंय.

यावेळी नेहमीपेक्षा जास्त रक्त घेतलं. औषध रक्तात किती उतरतंय ते कंपनी बघणार म्हणे. रक्तात काहीच सापडलं नाही तर बाई काय म्हणतील? मग मनाची समजूत घातली की जुनं काही उरलं असेलच.

तळमजल्याच्या आजींना माझा नमस्कार सांग. पेपर वाचतेस ना?

खुशाली दोन ओळींत का होईना, पण खरी कळवावी.

दादा


२ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

तू जिना चढलास हे वाचून फार बरं वाटलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

माझं ठीक आहे. वेळ लागतो, तूच म्हणतोस. आजी त्यांच्या मुलाकडे राहायला गेल्या, म्हणून पेपर बंद आहे. उकाडा फार आहे, म्हणून लिहायला कंटाळा येतो. बाकी काही नाही.

डबी सोबत आहे.

माया असू द्यावी.

बारकी


६ सप्टेंबर

ती. मामांस,

सा. न. पत्र बघून घाबरू नका, ही पहिली विनंती.

आई गेल्या आठवड्यापासून इस्पितळात आहे. तुम्हाला कळवायचं नाही असं तिने मला बजावलं होतं, पण मला एकटीला आता पेलत नाही. तिला सतत ऑक्सिजन लावलाय. जुलैपासूनच ती खाली उतरत नव्हती. तळमजल्याच्या आजी रोज जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून तिला हाक मारायच्या, आणि ही वरून हात हलवायची. त्यांना दिसत नाही हे तिच्या ध्यानात राहायचं नाही.

इथले डॉक्टर कोड्यात पडलेत. पहिले दोन महिने आईची फुंक जागच्या जागी होती, उलट जरा वाढली होती. डॉक्टर मला म्हणाले होते की तुमच्या आईला बहुतेक खरं औषध असावं, पण हे मी बोललो असं म्हणू नका. एप्रिलपासून सगळं उतरायला लागलं. आधी हळूहळू, मग जिन्यावरून घसरल्यासारखं. ते मला सारखं विचारतात, गोळ्या नीट घेतात ना? मी स्वतः तिला घेताना पाहिलंय, सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवलेली नाही. आईला विचारलं तर ती डोळे मिटून घेते.

मामा, तुम्ही तिला पत्र लिहा. तुमचं पत्र आलं की ती हसते. काय लिहिलंय ते मला दाखवत नाही, उशीखाली ठेवते. फोन करू नका, तिला बोलवत नाही.

मामींच्या माघारी सूनबाई तुमचं सगळं बघतात, तरी स्वतःला जपा. आईला तुमचीच काळजी जास्त आहे.

तुमची
भाची


१४ सप्टेंबर

बारके,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी आहेतच.

लेकीचं पत्र आलं आणि त्याच दिवशी मला इस्पितळातून बोलावणं आलं. मोठ्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. तेव्हाच मला समजलं की काहीतरी वाईट आहे. ते एरवी उभ्याउभ्याच बोलतात.

ते म्हणाले, आजोबा, कंपनीने तुमचं पाकीट उघडलं. तुमच्या नावावर पहिल्या दिवसापासून साधी गोळी होती. आणि तुमच्या रक्तात खरं औषध सापडलंय, तेही भरपूर. ते कुठून आलं, एवढंच मला सांगा.

मी त्यांना म्हटलं, मला कमी ऐकू येतं. त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. मी कोपऱ्यातल्या वजनाच्या काट्याकडे बघत बसलो. शेवटी ते म्हणाले, घरी जाऊन विचार करा, मी कोणाला शिक्षा करायला बसलेलो नाही.

मी घरी आलो तो कसा आलो ते आठवत नाही. बारके, ती मळमळ, ती खाज, ते जागरण, सगळं माझं मीच तयार केलं. कागद वाचून. आणि तुला काहीच होत नव्हतं कारण तुला औषध मानवलं होतं. तू पेपर वाचताना एकदाच थांबत होतीस. ते तू मला लिहिलं होतंस आणि मी मूर्खासारखा त्यावरून पुढे गेलो. तू तुझा श्वास कापसात गुंडाळून मला पाठवत होतीस आणि मी तुला खडू.

शेवटच्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या सोबत पाठवतोय. आजच सुरू कर. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांग किंवा सांगू नको, पण गिळ. मला उपाय सुचत नाही. रात्री बसलो की तुझ्या दुधाच्या दातांपासून सगळं डोळ्यापुढे येतं.

काय करू ते कळव. तू सांगशील ते करतो.

दादा


२२ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

डबी मिळाली. तशीच परत पाठवते आहे.

तू उगाच स्वतःला जाळतो आहेस. ऐक. मी तुझ्या गोळ्या कधी घेतल्याच नाहीत. आल्या की बेसिनमध्ये सोडायची. माझ्या मी घेत होते. आमच्या बाटलीत जादा गोळ्या असतात, उशीर झाला तर हाताशी असाव्यात म्हणून. त्या तुला पाठवायची. तुझा हट्ट पुरा व्हावा म्हणून. त्याच तुला लागू पडल्या.

म्हणजे औषध घेऊनही माझं दुखणं वाढलं. काहींचं वाढतं. यात तुझा काही संबंध नाही.

एकच माग‍णं आहे. तिथल्या डॉक्टरांना माझं नाव सांगू नकोस. इथे चौकशा होतील, लेकीला उत्तरं द्यावी लागतील. ती आधीच थकली आहे. ऐकू येत नाही म्हणत राहा. ते तुला छान जमतं.

मला पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत. ऑक्सिजनचं यंत्र बरोबर देतील.

मनाला लावून घेऊ नये, हीच माया समजेन.

बारकी


१८ ऑक्टोबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. तुझ्याकडे चार दिवस राहिलो, पण जे बोलायचं ते राहिलंच. एकतर ते यंत्र सारखं घरघरत होतं आणि लेक खोलीतून हलत नव्हती. आणि तू बोट ओठावर ठेवलंस. म्हणून लिहितो.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुझं नाव, तुझं इस्पितळ, चष्म्याची डबी, सगळं. तू नको म्हणाली होतीस. तुझी परत आलेली डबी माझ्या पिशवीतच होती, तीही त्यांच्या टेबलावर ठेवली. तुझं ऐकायचं असं ठरवूनच तुझ्याकडे आलो होतो. परवा सकाळी तू झोपली होतीस आणि लेक स्वयंपाकघरात चहा करत होती. ती खोकली. मग नळ सोडला आणि पुन्हा खोकली. कोरडा, खालून येणारा, शेवटी शिट्टीसारखा. बारके, तो सर्दीचा खोकला नाही. तो बाबांचा आहे, तुझा आहे आणि माझा आहे. मी तिला विचारलं तर म्हणाली, बँकेतल्या धुळीने होतं.

गाडीतून उतरलो तो घरी न जाता थेट इस्पितळात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावलं. मी गप्प बसलो असतो तर कंपनीच्या कागदावर असं राहिलं असतं की एका बाईला खरं औषध दिलं आणि ती खचली, आणि एका म्हाताऱ्याला साधी गोळी दिली आणि तो जिने चढायला लागला. असे थोडे कागद जमले की औषध निकामी ठरतं आणि बंद होतं. मग लेकीची वेळ येईल तेव्हा काय? आता आपली दोघांची नावं अभ्यासातून काढतील. ती चूक म्हणून लिहिली जातील, औषधाच्या माथी जाणार नाहीत.

त्यांनी माझ्यासमोरच तुमच्याकडे फोन लावला. तुझ्या रक्तात एप्रिलनंतर औषधाचा कण नाही. जादा गोळ्या बाटलीत चार-पाच असतात, आणि तू मला महिन्याभराच्या पाठवायचीस. बेसिनची गोष्ट तू चांगली रचलीस. मी ती दोन दिवस खरी धरून जगलो, त्याबद्दल तुझे उपकार.

तुला औषध उघडपणे सुरू करतील, मलाही देणार आहेत. पुढचं थोपेल, पण जे कडक झालंय ते पुन्हा मऊ होत नाही, असं ते म्हणाले. मी माझ्या गोळ्या नको म्हणून आलोय. कुठल्या तोंडाने गिळू?

आणि तसा मला त्यांचा फार गुण आला आहे असंही नाही. तुझ्या घराचे तीन जिने चढताना मला दोनदा बसावं लागलं. केवढा खोकलो, ते तुला वर ऐकू आलंच असेल. तेव्हा तुझं सगळं माझ्याकडे आलं, असं मनात आणू नकोस.

लेकीला छाती तपासून घ्यायला सांग. माझं नाव पुढे कर, म्हातारा कटकट करतो म्हण.

क्षमा मागण्याइतकं मोठं अक्षर मला येत नाही. तेवढं समजून घ्यावे.

तुझा
दादा


२९ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. थोडंच लिहिते. दोन दिवसांत मिळून एवढं होतं.

डॉक्टरांना सांगितलंस ते बरं केलंस. लेकीचा खोकला मी वर्षभर ऐकते आहे. मला धीर होत नव्हता. सोमवारी ती तपासायला जाणार आहे.

गोळ्या नको म्हणून आलास, तर आता हव्या म्हणून जा. या खेपेला बशी मांडून बसलास तर मी ऐकणार नाही.

आणि जिन्याचं. मी जन्मभर कानाला टेलिफोन लावून माणसं ओळखली आहेत, दादा. आजारी आहे म्हणून रजा मागणाऱ्यांचे खोकले रोज ऐकायचे. तू पहिल्या वळणावर थांबलास तेव्हा तुझा श्वास लागलेला नव्हता. खाली उभा राहून तू खोकल्याची जुळवाजुळव करत होतास. दुसऱ्या वळणावरचा जरा बरा जमला. लेकीला खरा वाटला. मी तोंड भिंतीकडे करून हसत होते.

पुढच्या खेपेला मधे कुठेही थांबू नकोस. खालपासून वरपर्यंत एका दमात ये. दार उघडं ठेवायला सांगते आणि यंत्र तेवढा वेळ बंद करायला सांगते. माझ्या गोळ्या जिना कशा चढतात ते मला ऐकायचं आहे.

लवकर यावे.

तुझी
बारकी